दुसरा तास कापू नका: पुण्यात कुटुंबांसोबत व्यसन-प्रतिबंधाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू किंवा समुपदेशनाचा कोर्स करून या कामात आलेली मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, स्लाइड्स आहेत का?" तोंडाच्या कॅन्सरचे फोटो, काळ्या पडलेल्या फुप्फुसाचे फोटो, एमडी या नशेच्या पदार्थाची पुडी कशी दिसते त्याचे फोटो. मीही सुरुवात तशीच केली होती. एका वस्तीतल्या समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला. साठेक माणसं जमली, पोरं पुढे, आया मागे. फोटो बघून बायकांनी तोंडाला पदर लावला, पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. पुढच्या शनिवारी चार जणी आल्या. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "घाबरायचं तेवढं घाबरलो. पण पोराशी बोलायचं कसं, ते काही कळलं नाही."

पोराशी बोलायचं कसं, नियम घालायचा कसा, कौतुक करायचं कसं. आपल्याला शिकवायचं आहे ते हे. संयुक्त राष्ट्रांचं अंमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातही हेच सांगितलं आहे. पालकत्वाची कौशल्यं सरावानं शिकवणारे कार्यक्रम उपयोगी पडतात. नुसती माहिती आणि भीती घालणारी भाषणं यांनी फरक पडल्याचं दिसत नाही. एखाद्या बरा झालेल्या व्यसनीला शाळेत आणून त्याची कहाणी ऐकवायची आणि तेवढ्यावर थांबायचं, हेही त्याच यादीत येतं. कहाणी ऐकून आपल्या अंगावर काटा येतो, पण बारा वर्षांच्या मुलाला त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही.

आधी हद्द ओळखा

हे काम उपचाराचं नाही. मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला हात दिला. व्यसनात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचं काम तिथे होतं. आपण त्याच्या कितीतरी आधी उभे असतो. दहा ते चौदा वयाचं मूल, त्यानं अजून काही सुरू केलेलं नाही, आणि त्याच्या घरची माणसं. एखाद्या घरात बाप पीत असेल तरी ते घर आपल्या कार्यक्रमात जरूर यावं, उलट त्याला जास्त गरज आहे. पण बापाची दारू आपण सोडवणार नाही, त्यासाठी योग्य जागी पाठवू. ही रेघ पहिल्या दिवशी स्वतःच्या मनात आखा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी भांडणात मध्यस्थी करत बसाल आणि शनिवारचं सत्र बोंबलेल.

अभ्यासक्रम घरी बनवू नका

या प्रकारातला जुना आणि नावाजलेला कार्यक्रम, 'स्ट्रेंग्थनिंग फॅमिलीज प्रोग्राम', अमेरिकेतल्या कॅरोल कम्फर यांनी १९८० च्या दशकात युटामध्ये उभा केला. व्यसनी आईबापांच्या मुलांसाठी, चौदा सत्रांचा. पुढे आयोवामध्ये दहा ते चौदा वयासाठी त्याचं सात सत्रांचं रूप तयार झालं. सत्र दोन तासांचं. पहिला तास पालक एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत. दुसरा तास दोघं एकत्र, घराघराची जोडी लावून. पालकांकडे एक मार्गदर्शक, मुलांकडे दोन. काही महिन्यांनी उजळणीची चार सत्रं.

आयोवात त्याचे निकाल चांगले आले, मुलांची दारू-सिगारेटची सुरुवात लांबली. पण तोच कार्यक्रम पोलंडमध्ये आणि स्वीडनमध्ये नेला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण वस्तीत किंवा सोसायटीत जाऊन "आमच्याकडे या, तुमचं मूल कधीच नादाला लागणार नाही" असा शब्द आपण देऊ शकत नाही. "घरातलं बोलणं सुधारेल, नियम पाळायला सोपे जातील" एवढं सांगा. ते खरं आहे.

रीतसर प्रशिक्षण घ्या. संयुक्त राष्ट्रांचे कमी सत्रांचे कार्यक्रमही आहेत, सुरुवातीला ते झेपतात. मग बदलायचं काय? नावं, खाणं, गोष्टी, उदाहरणं खुशाल बदला. सत्रांचा क्रम, सरावाचा वेळ आणि एकत्र बसायचा दुसरा तास यांना हात लावू नका. परदेशी पुस्तकात "मुलाला त्याच्या खोलीत पाठवा" असं लिहिलेलं असतं. जनता वसाहतीतल्या दहा बाय बाराच्या घरात त्याची खोली कुठली? तिथे शिक्षा म्हणजे "आज रात्री मोबाइल नऊऐवजी आठलाच आईच्या उशाखाली". हिसका तोच, घर आपलं. पुस्तकातली कौटुंबिक बैठक टेबलाभोवती असते. आपल्याकडे ती रात्री ताटं उचलल्यावर सतरंजीवर होते, टीव्ही बंद करून. टीव्ही बंद करणं हाच पहिला गृहपाठ ठेवा, त्यातच निम्म्या घरांचा आठवडा जातो.

वेळ, जागा, पंचांग

सात आठवडे सलग मिळायला पुण्यात पंचांग बघावंच लागतं. गणपतीचे दहा दिवस सोडा, त्याच्या आधीचे दोन आठवडेही सोडा. पोरं ढोलपथकाच्या सरावाला आणि बाप मंडळाच्या मांडवात. दिवाळीला घरं गावी जातात. मार्चमध्ये परीक्षा. मला दोन मोसम जमतात: शाळा सुरू झाल्यावर जूनच्या शेवटापासून, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर ते संक्रांतीच्या सुमारापर्यंत. पावसाळी मोसमात "घरातली दारू" हे सत्र गटारीच्या आधीच्या शनिवारी बसेल अशी आखणी करते. आषाढ अमावास्येला घरात बाटली उघडतेच, मुलं तिथेच असतात, आणि कुणीतरी मामा-काका लाडानं "घे रे एक घोट" म्हणतो. त्या एका घोटाला कोण आणि कसं अडवणार, हे आईबापांनी आठवडाभर आधी ठरवलेलं असलं तर त्या दिवशी भांडण न होता अडवता येतं.

वस्तीत शनिवारी संध्याकाळी पाच ते सात. घरकामाला जाणाऱ्या बायका तोवर मोकळ्या होतात, रिक्षावाल्यांना दोन तास काढता येतात. पाण्याची वेळ आधी विचारून घ्या. नळाला पाणी येण्याच्या तासाला कुणीही येणार नाही आणि यायलाही नको. वाकड-खराडीकडच्या सोसायट्यांत रविवारी सकाळी दहा. तिथे "ऑनलाइन ठेवा ना" असा आग्रह होतो, तो मानू नका. आईबाप कॅमेरा बंद करून इस्त्री करतात आणि मूल शेजारच्या खोलीत गेम खेळतं.

जागा महापालिकेच्या शाळेत मागा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन. एखाद्या मंडळाच्या कार्यालयात घेतलं तर दुसऱ्या मंडळाची घरं येत नाहीत. दोन खोल्या हव्यात, चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह हवं, आणि तिसरा कोपरा धाकट्या भावंडांसाठी. तिथे अंगणवाडीच्या ताईंना मानधन देऊन बसवा. कडेवरचं मूल रडत असताना कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही. खायला पोहे, उपमा, पावसात मिसळ. सत्राच्या आधी द्या, नंतर नको.

घरं गोळा करताना

आठ ते बारा घरं, जास्त नाहीत. पत्रकावर "व्यसनमुक्ती" हा शब्द लिहू नका. शेजारीण लगेच विचारते, "तुमच्यात कोण पितं गं?" आणि ते घर गळतं. "आईबाबा आणि मुलं: सात शनिवार" असं साधं नाव पुरतं. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा यांच्यामार्फत दारात जा. दोनदा जा. आणि बापाला वेगळं भेटा. आईला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं, ही आपल्या कामातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. रिक्षा स्टँडवर, गॅरेजवर, टपरीवर जाऊन त्याच्याशी पाच मिनिटं बोला आणि त्याला एक ठरावीक काम द्या: "तिसऱ्या शनिवारी मुलासोबत एक सराव आहे, त्याला वडील लागतात." नुसतं "तुम्हीपण या" म्हटलं की येत नाहीत.

वस्तीत काम करता म्हणून मोठ्या सोसायट्यांना वगळू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रॉनचा, म्हणजे एमडीचा, प्रचंड साठा पकडला. तो माल काही फक्त पत्र्याच्या घरांत जाणारा नव्हता. पैसा असलेल्या घरात मूल एकटं जास्त असतं आणि खिशात रोख जास्त असते.

एक सत्र जवळून

सगळी सत्रं इथे मांडत नाही, पुस्तकात आहेत. तिसऱ्यावर थांबते, कारण नवीन माणूस तिथेच घाईला येतो. विषय: चांगल्या वागण्याला प्रोत्साहन. पहिल्या तासात पालकांकडून एकच गोष्ट करून घ्यायची. मुलानं या आठवड्यात केलेली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, एका वाक्यात, "पण" न लावता सांगायची.

वाचताना पोरखेळ वाटतो. आपल्याकडे तो अवघड आहे. तोंडावर कौतुक केलं तर दृष्ट लागते, पोर डोक्यावर बसतं, ही शिकवण दोन्हीकडच्या आजीकडून आलेली असते. आईबाप कौतुक करतात ते शेजाऱ्यांसमोर, मूल घरात नसताना. म्हणून आयांना आधी विचारा, "तुम्हाला शेवटचं कुणी चांगलं म्हटलं होतं, ते आठवतंय?" खोली गप्प होते. ती शांतता घाईनं भरून काढू नका.

मग दुसरा तास. एका गटातले रिक्षाचालक वडील शाळेच्या बुटक्या बाकावर गुडघे बाहेर काढून बसले होते. समोर सातवीतला मुलगा, नजर फरशीवर. वडील म्हणाले, "तसा हुशार आहे, पण…" मी बोट वर केलं. "अभ्यासाला बसला असता तर…" पुन्हा बोट. त्यांनी रुमालानं मान पुसली, खिडकीकडे बघितलं. आजूबाजूची घरं संपवून आपापसांत बोलायला लागली होती. घड्याळात सात-आठ मिनिटं गेली असतील. मग म्हणाले, "बुधवारी मी दुपारी झोपलो होतो, तेव्हा तू गाडीची काच पुसलीस. मी बघितलं." मुलानं मान वर केली. "पप्पा, तुम्ही जागे होता?"

तिथे मी काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. टाळ्या नकोत, "बघा किती छान" नको. पुढचं घर घ्या. आणि अशा वेळी घड्याळाकडे बघून "चला, वेळ संपला" म्हणायचा मोह होतो, म्हणून सांगते: उशीर झाला तर पहिला तास कापा, दुसरा नाही.

कौतुक जमल्यावरच नियमांकडे वळा, उलटं केलं तर घरं फक्त धाक घेऊन जातात. नियम तीन असतील तर पाळले जातात, दहा असतील तर एकही नाही. मोडला तर काय होणार हे आधी ठरलेलं हवं, लहान हवं, त्याच दिवशी संपणारं हवं. मारणं त्यात बसत नाही, आणि हे सांगताना आवाज चढवू नका. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वतः मार खाल्लेला असतो.

नाही म्हणायची वाक्यं मुलांनाच लिहू द्या

मोठ्यांनी लिहून दिलेलं "नको मित्रा, हे आरोग्यास घातक आहे" हे वाक्य कोपऱ्यावर उभं राहून कुठलंही मूल म्हणणार नाही. माझ्या गटांतल्या मुलांनी लिहिलेली अशी असतात: "घरात शिरलो की आई तोंडाचा वास घेते." "कबड्डीला दम लागतो भावा, सर बाहेर बसवतात." "तुम्ही घ्या, मी क्लासला चाललो." पहिलं वाक्य सर्वांत चालतं. म्हणून पालकांकडून एकत्र तासात परवानगी वदवून घ्या: "माझं नाव पुढे कर, मला खडूस म्हण, चालेल." बापानं हे मुलाच्या तोंडावर म्हटलं की मुलाला खरंच हायसं वाटतं.

मुलांच्या खोलीत पदार्थांची यादी वाचू नका. त्यांना माहीत नसलेली नावं आपणच पोचवतो. पालकांच्या खोलीत मात्र नीट सांगा: पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, झोपेच्या गोळ्या म्हणजे पोरांच्या भाषेत बटण, पेनसारखा दिसणारा वेप. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी दप्तरात सापडते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के निघालं आणि मोठ्यांत ०.५८. मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त असलेला तो एकच प्रकार. आणि आया दारूचा वास शोधत असतात, बाहीवरचे पांढरे डाग कुणी बघत नाही.

मिश्री आणि तंबाखूच्या पुडीवर वेगळा वेळ द्या. घरातली आजी सकाळी मिश्री लावते आणि नातवाला म्हणते, "जा रे, दुकानातून घेऊन ये." बाप मुलाला पुडीला पाठवतो. मुलाच्या हातात तंबाखू पहिल्यांदा येते ती अशी, घरच्याच पैशांनी. सत्रातून घरी नेण्यासारखा सर्वांत सोपा नियम हाच: मुलाला पुडी आणायला पाठवायचं नाही. तंबाखूविषयीच्या २००३ च्या कायद्यानं अठराखालच्याला विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांत विकायला बंदी आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायदा शेवटी सांगा. आधी सांगितलात तर आजी उठून जाते, आणि आजी आपल्याला हवी आहे.

अडचणीचे प्रसंग

बाप पिऊन आला तर: दारातच, एकट्यानं, हळू आवाजात "आज नको, पुढच्या शनिवारी नक्की या" म्हणा आणि त्याला घरी पोचवायची सोय करा. आई आणि मुलाला बसू द्या. सोमवारी त्याला फोन करा. तो फोन चुकवला तर तो परत येत नाही.

मुलानं मारहाणीचं किंवा नको त्या स्पर्शाचं सांगितलं तर गुप्ततेचं वचन तिथे लागू होत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून गुप्ततेची हद्द पहिल्याच सत्रात सगळ्यांसमोर सांगा. १०९८ हा क्रमांक तुमच्या आणि सहकाऱ्यांच्या फोनमध्ये असू द्या. मुलाला खोदून प्रश्न विचारू नका, ऐका, लिहून ठेवा, त्याच दिवशी तुमच्या वरिष्ठांना सांगा.

एखादी आई पोहे वाढताना कानाशी येऊन म्हणेल, "थोरला घेतोय काहीतरी." तिला पोलिसांची भीती असते. अंमली पदार्थांच्या कायद्यात, १९८५ च्या, कलम ६४अ आहे: थोडं जवळ बाळगल्याच्या किंवा सेवनाच्या आरोपात व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर काही अटींवर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. तिला राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ द्या, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ द्या, आणि शक्य असेल तर पहिल्या भेटीला सोबत जा. नवरा पीत असेल तर बायकोसाठी मुक्तांगणचा सहचरी गट आहे, दारुड्यांच्या घरच्या माणसांसाठी अल-अनॉनच्या बैठका आहेत. या सगळ्या ठिकाणी तुम्ही आधी स्वतः जाऊन या. बाह्यरुग्ण विभाग कधी असतो, रांग कुठे लागते, सोबत काय न्यायचं, हे तुम्हाला पाठ असलं तरच ती आई जाते. नुसता नंबर लिहिलेला कागद पदराच्या गाठीत राहतो.

वहीत काय लिहायचं

देणगीदार विचारतात, "किती लोकांपर्यंत पोचलात?" तुम्ही लिहा: किती घरांनी सातपैकी निदान पाच सत्रं केली. सुरुवातीला आणि शेवटी तोच छोटा प्रश्नसंच भरून घ्या, आणि प्रश्न वागण्याचे ठेवा, माहितीचे नाही. "दारूनं कोणता अवयव खराब होतो?" याचं उत्तर सगळ्यांना येतं. "गेल्या आठवड्यात मूल संध्याकाळी कुणासोबत होतं, हे तुम्हाला किती दिवस माहीत होतं?" असं विचारा. मुलालाही तोच प्रश्न वेगळ्या खोलीत विचारा. दोन उत्तरांतलं अंतर कमी झालं का, ते बघा.

दर सत्रानंतर सहकाऱ्यांसोबत अर्धा तास बसा, त्याच खोलीत, घरी जायच्या आधी. काय ऐकलं ते बोलून टाका. हे काम करणारी चांगली माणसं दोन वर्षांत सोडून जातात, आणि बहुतेकदा कारण एवढंच असतं की ऐकलेलं सगळं एकटीनं घरी नेलं.

उजळणीच्या सत्रांची तारीख सातव्या शनिवारीच ठरवा आणि प्रत्येक घराला स्वतः फोन करायची तयारी ठेवा. भाड्याची घरं बदलतात, सिमकार्डं बदलतात. म्हणून निरोप घेताना आईचा आणि बापाचा नंबर घेतला असला तरी तिसरा एक नंबर घ्या, मामाचा, बचत गटाच्या ताईचा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा. सहा महिन्यांनी बहुतेक वेळा तोच लागतो.